वाचनालयात टॅब लावायचाय? दोन पावसाळे वापरून झाल्यावर सांगते

गेल्या महिन्याभरात आजूबाजूच्या तीन वाचनालयांतून फोन आले, तुमच्याकडे तो भिंतीवर लावलेला टॅब आहे तो कुठला, कितीला पडला आणि आपल्या हवेत टिकतो का. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते, म्हणजे ज्याला घ्यायचाय त्याला वाचता येईल.

आमचं वाचनालय मालवण तालुक्यातलं, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. चिऱ्याची इमारत, वर कौलं, पुढे पडवी. रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारखं १८२८ पासूनचं वगैरे काही नाही, साधं गावचं वाचनालय, एक ग्रंथपाल ताई, अर्धवेळ शिपाई आणि आम्ही कार्यकारी मंडळातली माणसं. मी कार्यवाह आहे. टॅब कशाला हवा होता तर लोकांनी स्वतः पुस्तक शोधावं, ते कुठल्या कपाटात आहे, आत आहे की कोणी नेलंय हे त्यांना स्वतःला कळावं. कार्डांचे ड्रॉवर ओलीने फुगून उघडेनासे झाले होते आणि ताई देवघेवीच्या टेबलावर एकट्या, त्यांना प्रत्येकासाठी उठून शोधायला जमत नव्हतं. जुना डेस्कटॉप ठेवून बघितला, पण लाइट गेली की बंद, माउस म्हाताऱ्या माणसांना जमत नाही आणि जागाही फार जाते.

पहिला टॅब २०२२ मध्ये घेतला, सगळ्यात स्वस्त दिसला तो, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक आमच्या वापराचीही होती. दहा महिने छान चालला. मे महिन्यात एके सकाळी ताईंनी फोन केला की स्क्रीन एका बाजूने उचलल्यासारखी दिसतेय. जाऊन बघते तर काच आणि मागचं कव्हर यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, आणि मागून हात लावला तर मध्ये उशीसारखं फुगलेलं. बॅटरी फुगली होती. आम्ही तो चोवीस तास चार्जरला लावून ठेवला होता, वर लाकडी पेटीत सगळीकडून बंद, आणि मे महिन्यातली आपल्याकडची उष्णता. लिथियमची बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर आणि गरम राहिली की आत गॅस धरते आणि फुगते, हे तेव्हा आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. बंद करून पडवीत फरशीवर पत्र्याच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवला, पुस्तकांपासून लांब, आणि नंतर ई-कचऱ्यात दिला. तुमच्याकडे असं झालं तर प्लीज दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका, पेट घेऊ शकते. लाकडाचं छप्पर आणि खाली हजारो पुस्तकं, विचार करा.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल हे सगळं बाजूला ठेवा. घरचा टॅब एका माणसाचा असतो, तो रात्री चार्ज करतो, दिवसा वापरतो. वाचनालयातला टॅब रोज दहा तास वायरला लावलेला असतो आणि त्याला दिवसभर पन्नास वेगवेगळे हात लागतात, म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा की चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवायची सोय ह्याच्यात आहे का. दुकानदाराला माहीत नसेल तर डेमो पीस हातात घेऊन सेटिंगमध्ये बॅटरी उघडून स्वतः बघा.

आम्ही २०२३ च्या दिवाळीनंतर सॅमसंगचा गॅलक्सी टॅब ए९ प्लस घेतला, वायफायवाला, आणि चार महिन्यांनी तोच दुसरा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो भारतात आला तेव्हा २०,९९९ ला होता, आम्हाला सेलमध्ये त्याहून कमी पडला. ११ इंची स्क्रीन आणि बॅटरी प्रोटेक्टची सेटिंग ह्या दोन गोष्टींवर मी तो निवडला. प्रोटेक्ट चालू केली की चार्जिंग वरच्या टप्प्यावर थांबतं, कुठल्या अपडेटवर आहे त्याप्रमाणे ८० किंवा ८५. दोन पावसाळे आणि दोन मे महिने झाले, दर महिन्याच्या एक तारखेला मी टॅब काढून सपाट टेबलावर उलटा ठेवून बघते की डगमगतोय का, अजून दोन्ही सपाट आहेत. ज्या टॅबमध्ये ही सोय नाही त्याला साधा टायमरवाला प्लग लावा, दिवसातून तीन-चार तासच चार्ज होईल असा. आणि वायर आखूड घ्या. लांब, बारीक, स्वस्तातल्या वायरीतून करंट नीट पोचत नाही, स्क्रीन दिवसभर चालू आणि चार्जिंग कमी, मग संध्याकाळी टॅब वायरला लावलेला असूनही बंद पडतो आणि लोक म्हणतात टॅब खराब आहे.

स्क्रीनच्या आकाराबद्दल कंजूषी करू नका असं कळकळीने सांगते. ८.७ इंचीवाला ए९ बराच स्वस्त आहे आणि मोह होतो, पण आपल्या अक्षरांना वर रफार, मात्रा, खाली उकार, त्यात जोडाक्षरं, इंग्रजीला जेवढा फाँट पुरतो त्यात मराठी वाचता येत नाही. आमच्याकडे सत्तरीच्या पुढचे सभासद बरेच. एक आजी पहिल्या टॅबसमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "अक्षरा बारीक आसत गो, तूच बघ माका काय गावता ता." आणि तिथून परत ताईंच्या टेबलाकडे. आता ११ इंचीवर फाँट दीडपट केलाय, त्या स्वतः शोधतात. आणि टॅब उभा लावा, आडवा नको. आडव्यात कीबोर्ड वर आला की अर्धी स्क्रीन तोच खातो आणि खाली जेमतेम दोन पुस्तकांची नावं दिसतात, उभ्यात सात-आठ दिसतात. हे आम्हाला फ्रेम बनवून झाल्यावर कळलं, मिस्त्रींना परत बोलवावं लागलं.

आता लॉक करण्याचं. अँड्रॉइडमध्ये अॅप पिन करायची, म्हणजे स्क्रीन एकाच अॅपवर अडकवून ठेवायची सोय असते, फुकट, पण ती वाचनालयासाठी पुरत नाही. टॅब रिस्टार्ट झाला की पिन गेली, आणि शाळेतल्या पोरांना ती कशी सोडवायची हे आपल्या आधी माहीत असतं. आम्ही फुली किऑस्क ब्राउझर वापरतो, टॅबला ठरावीक पानांपुरताच बांधून ठेवणारं अॅप. त्याचं लायसन्स टॅबमागे एकदाच घ्यायचं, दरवर्षी भाडं नाही, आणि आपल्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला हे फार महत्त्वाचं आहे कारण दरवर्षीचा खर्च मंजूर करून घेणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. आपण ठरवू त्याच साइट उघडतात, टॅब चालू झाला की थेट कॅटलॉग, म्हणजे पुस्तकांची यादी येते, दोन मिनिटं कोणी हात लावला नाही की आपोआप पहिल्या पानावर जातो आणि आधीच्या माणसाचं सगळं पुसून टाकतो. कोणी समोर आलं की कॅमेऱ्याने ओळखून स्क्रीन जागी होते, एरवी काळी राहते, त्याने बॅटरी आणि स्क्रीन दोन्ही वाचतात. ताई देवघेवीच्या कॉम्प्युटरवरूनच दोन्ही टॅबना रिफ्रेश मारतात, उठायला लागत नाही. सेट करायला माझ्या भाच्याला एक रविवार लागला. टॅब नवाकोरा असतानाच हे करा, म्हणजे पहिल्या वेलकमच्या पानावर सहा वेळा टॅप केलं की क्यूआर स्कॅनर उघडतो, तिथून पक्कं लॉक बसवता येतं. नंतर करायचं म्हणजे सगळं फॅक्टरी रिसेट.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली ती कोणाकडून होऊ नये. पहिल्या टॅबला घाईत आमच्यातल्याच एकांचं स्वतःचं जीमेल घातलं होतं. पंधरा दिवसांनी शाळेतल्या मुली शोधत असताना वर नोटिफिकेशन आलं, त्यांच्या घरच्या लग्नाचे फोटो, त्यावर टॅप केलं आणि सगळा अल्बम उघडला. कोणी वाईट हेतूने काही केलं नाही, पण त्या माणसाला किती ओशाळवाणं झालं असेल. वाचनालयाच्या नावाचं वेगळं अकाउंट उघडा, त्याचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून अध्यक्षांकडे द्या, आणि मंडळ बदललं की तो नव्यांकडे जाऊ दे.

त्याहून बारीक आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट कीबोर्डची. ब्राउझर आधीचं सगळं पुसतो, पण कीबोर्ड पुसत नाही. टॅबवरचा गूगलचा कीबोर्ड, जीबोर्ड, शब्द शिकत जातो आणि पुढच्या माणसाला तेच सुचवतो. एकदा मी स्वतः टाइप करत होते, दोन अक्षरं घातली आणि वर एका आजाराचं नाव सुचवलं गेलं. त्या दिवशी सकाळपासून टॅबजवळ कोण कोण येऊन गेलं ते मला माहीत होतं, आमचं गाव केवढंसं, आणि मला ते कळायला नको होतं. त्याच क्षणी सेटिंगमध्ये जाऊन पर्सनलायझेशन बंद केलं, शिकलेले शब्द पुसले, वरची सुचवण्याची पट्टीच काढून टाकली. माणूस वाचनालयात येऊन काय शोधतो हे त्याचं त्याच्यापाशी राहिलं पाहिजे, शेजाऱ्याला कळता कामा नये. कुठलाही टॅब घ्या, कुठल्याही कंपनीचा, हे पहिल्या दिवशी करा.

मराठी शोधण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ह्याच्यावर कुणी बोलत नाही. आमचा कॅटलॉग कोहावर आहे, हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टसाठी बनलं आणि २००० साली चालू झालं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तर पहिले दोन महिने तक्रार काय, की पुस्तक कपाटात डोळ्यांनी दिसतंय आणि टॅब म्हणतो नाही. "किनाऱ्यावर" शब्द असलेलं नाव घातलं की शून्य, "किनारा" शब्द असलेलं नाव मात्र मिळतं. खूप डोकं खाजवल्यावर कळलं की ऱ्यातला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. आमच्या नोंदी करणाऱ्या मुलाने कॉम्प्युटरवर एका प्रकारे घातला होता, टॅबचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे घालतो, डोळ्यांना अगदी सारखं, मशीनसाठी वेगळी अक्षरं. दर्या सापडायचा आणि दऱ्या सापडायच्या नाहीत! मग सगळ्या नोंदी बाहेर काढून सरसकट एकच प्रकार केला, तेव्हापासून ठीक आहे. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर-टॅबवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत करून घ्या, नाहीतर टॅब कितीही भारी घ्या, मराठीत काही सापडणार नाही. कीबोर्डला मराठीच भाषा ठेवा, हिंदी नको, आणि बोलून टाइप करायचं माइकचं बटण चालू ठेवा. आमच्या बऱ्याच मावश्या टाइप करत नाहीत, पुस्तकाचं नाव बोलतात आणि ते बऱ्यापैकी बरोबर उमटतं. मालवणीत बोललं तर नाही उमटत, तेवढं सांगून ठेवायचं.

दुसरा टॅब वाचनकक्षात आहे. त्याच्यावर मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची फुकट मिळणारी पीडीएफ पुस्तकं आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकं एवढंच ठेवलंय. किऑस्क ब्राउझरमध्ये पीडीएफ आपोआप उघडत नाही, सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं, पहिल्या आठवड्यात लोक नुसतीच पांढरी स्क्रीन बघत बसले होते. परीक्षा जवळ आल्या की ह्या टॅबसमोर रांग लागते.

आता आपली हवा. ए९ प्लसला पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग नाही हे आधीच समजून घ्या. आमच्याकडे आत त्याला पाणी थेट लागत नाही, पण जुलैत छत्री मिटून माणूस सरळ टॅबला हात लावतो, स्क्रीनवर थेंब पडले की टॅब स्वतःच कुठेही टॅप करायला लागतो, घाबरू नका, बिघडलेला नसतो, थेंबांना तो बोट समजतो. आम्ही शेजारी खुंटीवर पंचा टांगलाय, आधी हात पुसायचे. मासळीच्या लिलावावरून येणाऱ्या एका मावशींच्या बोटांना टॅब दादच देत नव्हता, बर्फ आणि मिठात काम करून हात घट्टे पडलेले, त्या म्हणाल्या, "ह्या माज्या हाताचा ऐकणा नाय." मग रबरी टोकाचं स्टायलस आणलं, दोरीने फ्रेमला बांधलंय, आता तेच सगळ्यांना आवडतं.

खाऱ्या हवेने सगळ्यात आधी चार्जिंगचं होल जातं. रोज वायर काढ-घाल केली की आत हिरवट पडतं आणि मग वायर ठरावीक कोनात धरली तरच चार्ज होतो. एकदा लावलेली वायर आम्ही महिन्याच्या तपासणीशिवाय काढत नाही. फ्रेम फणसाच्या लाकडाची, बंदरावर होड्यांचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी केली. मी बाजारातले साधे स्क्रू आणले होते ते त्यांनी हातात घेतले आणि परत दिले, "स्टीलचे घाला, नायतर गणपतीपर्यंत गंजतले." त्यांचं ऐकलं, आजही स्क्रू चकचकीत आहेत. टॅबच्या मागे दोन बोटं जागा मोकळी आणि वर-खाली भोकं, म्हणजे हवा खेळती राहते, मे महिन्यातही मागून कोमटच लागतो. पुढची पट्टी कुलपाने बंद होते, पॉवरची आणि आवाजाची बटणं तिच्याआड लपतात. पडवीच्या बाजूला पश्चिमेचं ऊन येतं म्हणून टॅब आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पावणेतीन फुटांवर, थोडा मागे कलता, म्हणजे पाचवीतल्या मुलालाही पोचतो आणि स्टूलवर बसूनही वापरता येतो. चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, फ्रेम भिंतीला चिकटवू नका, मध्ये पट्टी द्या.

प्लग पॉइंट मात्र उंच घ्या. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूणला पूर आला तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून पुस्तकांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, १८६४ पासूनची संस्था. खाडीजवळ, नदीजवळ असाल तर वायरिंग करतानाच विचार करा. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने आपल्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. टॅबला स्वतःची बॅटरी आहे हा त्याचा डेस्कटॉपपेक्षा खरा फायदा, पण राउटर बंद पडला तर टॅब नुसता चालू राहून उपयोग नाही, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावलाय. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की ताई प्लग काढून ठेवतात, टॅब बॅटरीवर आरामात चालतो.

आयपॅडबद्दल सगळे विचारतात. आमच्याकडे एक आहे, नववी पिढी, मुंबईच्या एका चाकरमान्याने गणपतीत आला तेव्हा बालविभागाला दिला. स्क्रीन सुंदर, मुलांच्या हातात छान चालतो. गायडेड अॅक्सेस फुकट आहे, बटण तीनदा दाबलं की एका अॅपमध्ये बंद, आणि स्क्रीनचा ठरावीक भाग टचला बंद करता येतो. पण कायमचं एका अॅपमध्ये ठेवणारा सिंगल अॅप मोड हवा तर अॅपल कॉन्फिगरेटर नावाचं सॉफ्टवेअर लागतं, त्यासाठी अॅपलचा मॅक कॉम्प्युटर लागतो किंवा मग लांबून टॅब सांभाळणारी एमडीएमची सर्व्हिस, आणि आमच्या गावात मॅक कोणाकडे आहे! नवा घ्यायचा असेल तर २०२५ चा ए१६ चिपवाला घ्या, आला तेव्हा ३४,९०० पासून होता, त्यात ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवता येतं, त्याच्या आधीच्या दहाव्या पिढीत ती सोय नाही. पण तेवढ्या पैशात फ्रेम, यूपीएस आणि ए९ प्लस सगळं होतं. विकत घेताना मी तरी अँड्रॉइडच घेईन.

सॅमसंगचीच टॅब अॅक्टिव्ह म्हणून मजबूत मालिका आहे. अॅक्टिव्ह ३, अॅक्टिव्ह ४ प्रो, अॅक्टिव्ह ५ ह्यांची बॅटरी हाताने निघते आणि बॅटरी काढून नुसत्या वायरवर चालतात, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं आयपी६८ रेटिंगही आहे. फुगण्याची कटकटच नाही. मोठ्या शहरातलं वाचनालय, जनरेटर आहे, बजेट आहे, तर बेधडक ते घ्या. आमच्यासारख्या ठिकाणी बॅटरीशिवाय चालवायचा तर लाइट गेली की टॅब गेला, आणि बॅटरी घालूनच ठेवायचा तर ते जास्तीचे पैसे पाण्या-पावसासाठीच दिले असं होतं. पडवीत, उघड्यावर लावायचा असेल तर मात्र तोच.

खर्च एकदाच सांगते. आम्हाला टॅब, लायसन्स, फ्रेम, मॅट स्क्रीनगार्ड, आखूड वायर, स्टायलस मिळून एका टॅबमागे साधारण २३ हजार गेले, राउटरचा यूपीएस वेगळा. बिल संस्थेच्या नावाने जीएसटीसकट घ्या, सिरियल नंबर डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, त्याच दिवशी चढवा, ऑडिटला तेच विचारतात. स्क्रीनवर थेट स्प्रे मारू नका, सुती कपडा किंचित ओला करून पुसा, शिपायाला एकदा करून दाखवा.

कोणाला घेण्याआधी हात लावून बघायचा असेल तर खुशाल या, सोमवार सोडून कुठल्याही दिवशी संध्याकाळी चार ते आठमध्ये. तुमच्या कॅटलॉगमधली दहा-बारा नावं कागदावर लिहून आणा, ऱ्या असलेली दोन-तीन नक्की असू देत, आमच्या टॅबवर शोधून बघू.